बीटल गेली, एसआर आली

ज्याच्याकडे प्रोजेक्ट कार, म्हणजे स्वतः दुरुस्त करून रस्त्यावर आणायची म्हणून उघडलेली जुनी गाडी, उभी आहे त्याला "काय, कुठवर आली गाडी?" असं चुकूनही विचारू नका. विचारणारा सहज विचारून मोकळा होतो, पण समोरच्याला दरवेळी काहीतरी नवीन जुळवून सांगावं लागतं. माझी तर वाक्यं ठरलेलीच होती. पत्राकाम झालं की सुटलोच, इंजिन तर तयारच आहे, फक्त वायरिंग राहिलंय. यातलं इंजिन तयार होतं हे शंभर टक्के खरं, फक्त ते एका कोपऱ्यात स्टँडवर प्लास्टिक पांघरून बसलं होतं आणि गाडी दुसऱ्या कोपऱ्यात घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, आणि मधे दोन दारं, एक बॉनेट आणि खोक्यांची रांग.

तर ती गाडी आता गेली. फोक्सवॅगन बीटल, जुनी, एअर कूल्ड, मागे इंजिनवाली. आणि तिच्या जाण्याच्या थोडं आधी एक सेकंड हँड मोटरसायकल आली, यामाहा एसआर ४००. लोकांना वाटतं की बाइक घ्यायची म्हणून कार विकली, पण तसं काही नव्हतं, बाइक आधी आली आणि ती आल्यावर कार तिथे उभी असण्याचं कारणच मला सांगता येईना. म्हणून हे दोन्ही एकत्रच लिहितोय, वेगळं लिहायला गेलो तर अर्धंच होईल.

आधी कारचं सांगतो. बीटल म्हणजे प्रोजेक्टसाठी खरं तर सगळ्यात सोयीची गाडी. २ कोटी १० लाखांपेक्षा जास्त बनल्या, शेवटची २००३ मध्ये मेक्सिकोत बनली, त्यामुळे "पार्टच मिळत नाही हो" ही सबब इथे चालतच नाही, रबरापासून मडगार्डपर्यंत सगळं आजही नवीन मिळतं. रेडिएटर नाही, पाणी नाही, होज पाइप नाही. इंजिन चार बोल्टवर गिअरबॉक्सला धरलेलं, ते आणि दोनचार वायरी-केबली सोडवल्या की जॅकवर खाली घेता येतं. आणि बनवणाऱ्यांचं डोकं कसं चालायचं बघा, काच धुवायला जे पाणी उडतं ना त्याला पंप नाही, स्टेपनीच्या हवेवर चालतं ते! स्टेपनीत थोडी जास्त हवा भरून ठेवायची, तिथून एक बारीक नळी पाण्याच्या बाटलीला, आणि बटण दाबलं की हवेच्या जोरावर पाणी काचेवर. स्टेपनी पार बसू नये म्हणून हवा एका मर्यादेखाली गेली की व्हॉल्व्ह आपोआप बंद. असल्या गोष्टींसाठी ही गाडी आवडते. मी ती नळी काढून, साफ करून, परत बसवून नुसतं पाणी उडवून बघितलं होतं, गाडीला तेव्हा काचसुद्धा नव्हती.

पण बीटलचं सगळं गुपित तिच्या पत्र्यात असतं. बघायला गोल-गोल आणि दणकट, आणि दोन्ही बाजूला दारांच्या खाली एक पोकळ पेटी जाते, हीटर चॅनेल म्हणतात त्याला, इंजिनकडची गरम हवा त्यातून पुढे केबिनमध्ये येते. ती नुसती हवेची नळी असती तर काही प्रॉब्लेम नव्हता, पण बॉडीचा अर्धा ताठपणा त्याच पेटीवर अवलंबून आहे. आतून ओल धरते, आतूनच गंजते, आणि बाहेरून रंग मस्त चकचकीत दिसत राहतो. जुन्या कुठल्याही पत्र्याच्या गाडीचं हेच असतं म्हणा, जिथे पाणी साचतं आणि वारा लागत नाही तिथे गंज, पण इथे तो नेमका गाडीच्या कण्यात असतो.

आता हे चॅनेल बदलायचे म्हणजे काय तर आधी दारांच्या चौकटीत आडवे-तिरके पाइप वेल्ड करून बॉडीला आधार द्यायचा, कारण जुना चॅनेल कापला की बॉडी मधून बसते, आणि मग नवीन चॅनेल कितीही सुंदर लावा, दार लागत नाही. आधार द्यायचा तर सीट, कार्पेट, वायरिंग, सगळं बाहेर. सगळं बाहेर काढलं की खालचा फ्लोअर दिसतो, आणि फ्लोअर दिसला की तोही बदलावा असं वाटतं, विशेषतः मागच्या सीटखाली उजवीकडे, कारण बीटलची बॅटरी तिथे असते आणि वर्षानुवर्षं ॲसिडची वाफ आणि थेंब खाऊन तिथला पत्रा पापुद्र्यासारखा झालेला असतो. (जाता जाता, ज्यांच्याकडे चालू बीटल आहे त्यांनी बॅटरीवरचं झाकण जागेवर आहे ना ते आत्ता जाऊन बघा. मागे कोणी वजनदार बसलं आणि सीटची स्प्रिंग टर्मिनलला टेकली की सीटचं भुसकट पेट घेतं, ही काही गंमत नाही.) तर एक काम उघडलं की त्यातून तीन निघतात, आणि त्या तिघांना आणखी पोरं. गाडी उघडायला एक-दोन रविवार पुरतात, लावायला किती लागतात ते कोणी सांगत नाही.

आणि वेळ जातो तो कामात जात नाही, हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय. हातात पाना घेऊन घालवलेले तास मोजले तर फार नाहीत. वेळ जातो तो गाडीच्या आजूबाजूला. पार्ट शोधण्यात, व्हिडिओ बघण्यात, आधीचा बोल्ट कुठल्या डब्यात ठेवला ते आठवण्यात, वेल्डिंगवाल्याची वाट बघण्यात, आणि काहीच करायचं नसेल तेव्हा "आज गाडीचं काम करायला हवं होतं" या विचारात. बायकोने एकदा अगदी शांतपणे सांगितलं, "हे बघ, कुठे जाऊ या म्हटलं की तू म्हणतोस रविवारी गाडीचं काम आहे, आणि रविवारी विचारलं की म्हणतोस पार्ट यायचाय." यावर काय बोलणार. पार्ट खरंच यायचा होता.

बरं, या सगळ्यात मी काहीच चालवत नव्हतो. रोजची गाडी होती, पण ती रोजची गाडी, तिच्यात बसायचं आणि पोचायचं. ज्या कारणासाठी जुन्या मशीनचा नाद लागला, म्हणजे हाताला कळणारी गाडी, आवाजावरून दुखणं ओळखायचं, गिअर पडला की मनगटाला समजायचं, ते कधीच बंद पडलं होतं. म्हणून ठरवलं की एक जुनी मोटरसायकल घ्यायची, पण एका अटीवर, चालू. कितीही स्वस्त असो, कितीही दुर्मिळ असो, "थोडंसं काम आहे" असं ज्या जाहिरातीत लिहिलंय ती उघडायचीच नाही. "चालू होती, दोन वर्षं उभी आहे, फक्त कार्बोरेटर साफ करावा लागेल" हेही नाही. कार्बोरेटर साफ करून जर गाडी चालू होत असती तर मालकाने तेवढं करून जास्त पैसे घेतले नसते का?

एसआर ४०० का, तर ती साधी आहे म्हणून. १९७८ ला आली आणि थोडेफार बदल होत २०२१ पर्यंत बनत राहिली, एक सिलिंडर, ३९९ सीसी, एअर कूल्ड, आणि बटण स्टार्ट नाहीच, शेवटपर्यंत दिलं नाही. फक्त किक. ऑइल इंजिनखाली साचत नाही, फ्रेमच्या पोकळ पाइपात भरलेलं असतं, तिथून इंजिनला जातं आणि परत येतं. मला हवी होती कार्बोरेटरवाली, फ्युएल इंजेक्शन यायच्या आधीची, कारण तिला रिझर्व्हचा कॉक असतो. हे कारण ऐकून लोक हसतात पण मला ते आवडतं, गाडी चालता चालता आचके देते, हात न बघता खाली जातो, कॉक फिरतो, गाडी पुन्हा पळायला लागते. सगळ्यात जुन्या बीटललाही हेच होतं बरं का, साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तिला पेट्रोलचा काटाच नव्हता, पायाजवळ एक छोटा दांडा, गाडी रिझर्व्हला लागली की तो फिरवायचा.

आता बघायला जाण्याबद्दल. पहिली जी बघितली तिचा मालक फोनवर फार गोड बोलला, पोचलो तर गाडी धुऊन पुसून तयार, आणि हा म्हणतो बघा एका किकमध्ये चालू होते. मारली, झाली. मी इंजिनाला हात लावायला गेलो तर चटका! म्हणजे साहेबांनी मी यायच्या आधी चांगली गरम करून ठेवली होती. जुनी सिंगल सिलिंडर गरम असताना चालू होणं यात काही विशेष नाही, ती थंड असताना, रात्रभर उभी राहिल्यावर कशी चालू होते तिथे तिची तब्येत कळते. म्हणून फोनवरच सांगायचं की मी येईपर्यंत चालू करू नका, आणि पोचल्यावर नमस्कार-चमत्कार व्हायच्या आधी सिलिंडरला हात लावायचा. मी त्या गाडीचं पुढचं काही बघितलंच नाही. कदाचित चांगली असेलही, पण ज्याला एवढं लपवावंसं वाटलं त्याने आणखी काय लपवलं हे शोधत बसण्याइतका मी तरुण राहिलो नाही.

जी घेतली तिचे मालक एक निवृत्त काका. त्यांना म्हटलं, "काका, येईपर्यंत किक मारू नका हं." तर म्हणाले, "मी कशाला मारू? गुडघा दुखतो म्हणूनच तर विकतोय." झालं, विकण्याचं कारण कळलं, आणि ते खोटं वाटण्यासारखं नव्हतं. सेकंड हँड गाडी घेताना विकण्याचं कारण विचारायचं आणि मग माणूस किती सेकंद विचार करतो ते बघायचं.

गाडी थंडगार होती. काकांनी किक कशी मारायची ते मला दाखवलं आणि ते बघण्यासारखं होतं. हँडलला डावीकडे क्लचजवळ एक छोटा लिव्हर असतो, तो दाबला की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जरासा उघडतो आणि इंजिनातला दाब निघून जातो. तो दाबून किक हळूहळू खाली न्यायची, आणि बघायचं हेडच्या उजव्या बाजूला, तिथे एक नखाएवढी काच आहे. पिस्टन नेमका वरच्या टोकाच्या किंचित पुढे आला की त्या काचेत खूण दिसते. खूण दिसली की लिव्हर सोडायचा, किक पुन्हा वर येऊ द्यायची, आणि ऍक्सिलरेटरला अजिबात हात न लावता एक पूर्ण, लांब, न घाबरता किक. घाबरून अर्धवट मारली तर किक उलटी येते आणि पाय कळवळतो. काकांनी एवढं सगळं समजावून सांगितलं आणि म्हणाले, मार. पहिली वाया गेली, चोक विसरलो होतो, काकांनी नुसतं बोट दाखवलं. दुसरीला धडधडली.

चालू झाली म्हणून लगेच पाघळायचं नसतं, खरं बघणं तिथून सुरू होतं. मी धूर बघतो आधी. थंड इंजिनाला थोडी पांढरी वाफ येते आणि जाते, त्याचं काही नाही. चालू करताच निळसर झोत येऊन मग बंद झाला तर व्हॉल्व्ह सील किंवा गाइडमधून रात्रभर ऑइल झिरपलंय, आणि चालवताना रेस केल्यावर मागे निळा पट्टा राहत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, म्हणजे मोठं काम. हिला दोन्ही नव्हतं. मग हँडल. पुढचं चाक उचलून धरायचं आणि हँडल अगदी हलक्या हाताने एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न्यायचं. मधोमध जर कट्कन खाचेत बसल्यासारखं वाटलं तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, गेला. हिचा किंचित वाटला, मी काकांकडे बघितलं, काका म्हणाले "हो, तो बदलायला झालाय." पुन्हा एकदा माणूस कळला.

शॉकअपच्या दांड्या बोटाने पुसून चारपाच वेळा पुढचा ब्रेक धरून दाबायचं आणि बोट पुन्हा फिरवायचं, तेलाची कडी उमटली तर सील गेले. हँडल पूर्ण वळल्यावर जिथे फ्रेमला टेकतं तिथले दोन छोटे ठोकळे बघायचे, ते चेपलेले किंवा रंग उडून वाकडे झालेले असतील तर गाडी कधीतरी जोरात पुढून आपटली आहे, मग रंग कितीही नवा असो. खरं तर रंग फारच नवा असेल तर तिथे जास्त बघायचं. लिव्हरची टोकं, फूटरेस्टची टोकं, सायलेन्सरचा बाहेरचा भाग. उभी असताना पडलेली गाडी वेगळी आणि पळताना घासलेली वेगळी, ओरखडे एका दिशेने लांब गेलेले असतील तर ती घसरत गेलीय.

चेनला मागच्या स्प्रॉकेटवर मधोमध धरून मागे ओढायचं, चेन दातावरून अर्धी सुटायला लागली तर चेन सेट संपला. मागचं चाक धरून डावी-उजवीकडे हलवायचं, स्विंग आर्मच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या, बुशमध्ये खेळ असेल तर लगेच कळतो. आणि टायर! टायरवर नक्षी किती उरलीय ते सगळे बघतात, तारीख कोणी बघत नाही. टायरच्या बाजूला डॉट म्हणून जो लांब कोड असतो त्याच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष. २३१६ असेल तर २०१६ च्या तेविसाव्या आठवड्यातला. हिचा पुढचा टायर दिसायला नवाकोरा, नक्षी पूर्ण, आणि कोड बघितला तर त्याला शाळेत घालायचं वय होऊन गेलेलं. रबर कडक, नख रुतत नाही. असल्या टायरवर ओल्या रस्त्यावर जायचं म्हणजे नशिबावर भार टाकून जायचं. काकांना सांगितलं, त्यांना खरंच माहीत नव्हतं, किंमत थोडी खाली आली आणि आम्ही दोघंही खुश.

ऑइलचं एक राहिलं. या गाडीचं ऑइल थंड असताना बघून उपयोग नाही, उभ्या गाडीत ते फ्रेममधून हळूहळू इंजिनात उतरतं आणि दांडी काढून बघितलं तर कमी दिसतं. माहीत नसलेला माणूस घाबरून वरून ओततो आणि मग ते जास्त होतं. चालवून गरम करायची, उभी करून थोडा वेळ चालू ठेवायची, मग बघायचं. चालवायला नेली तेव्हा तेच केलं. चालवताना काय वाटलं हे लिहायचा मोह होतोय पण नको, ते सगळ्यांचं सारखंच असतं. चारही अंगांनी कुरकुर न करता सरळ चालते, हात सोडला की एका बाजूला ओढत नाही, गिअर नीट पडतात, बास. फ्रेमवरचा नंबर हँडलच्या मानेवर खोदलेला असतो, तो आणि इंजिनचा नंबर कागदांशी एकेक आकडा बोट ठेवून जुळवला, आकड्यांच्या जागी घासल्याची किंवा पुन्हा ठोकल्याची खूण नाही ना ते बघितलं, आणि मगच पैसे. हे शेवटी नाही, सगळ्यात आधी करायचं असतं खरं तर, पण माझ्या डोक्याचा क्रम तसाच आहे.

बाइक घरी आली आणि उभी करायला जागा नाही. म्हणजे जागा होती, पण तिथे बीटलची दारं होती. दारं उचलून बॉडीत ठेवली, खोकी सरकवली, आणि बाइक आत घेतली. मग जे सुरू झालं ते असं की मी रोज संध्याकाळी बाइक बाहेर काढायला आत जातोय, बीटलला वळसा घालून जातोय, आणि तिच्याकडे बघतही नाहीये. कोनसेट एका दुपारी बदलला. एका दुपारी! जेवण करून उघडलं, जुन्या कड्या ठोकून काढल्या, नव्या बसवल्या, ग्रीस, आवळलं, ढिलं केलं, परत आवळलं, आणि संध्याकाळी चालवून बघितली. काम सुरू केलं त्याच दिवशी संपलं आणि त्याचा फरक त्याच दिवशी हाताला जाणवला, हे मी पार विसरलो होतो. त्या आठवड्यात कोणीतरी विचारलं, "कुठवर आली कार?" आणि माझ्या तोंडून आलं, "विकतोय." घरी कोणाशी बोललो नव्हतो, स्वतःशीही नाही. बायकोला रात्री सांगितलं तर ती म्हणाली "बरं", आणि थोड्या वेळाने, "नक्की ना?" मी म्हटलं नक्की.

उघडून ठेवलेली गाडी विकणं मात्र अवघड असतं. दोनच रस्ते. एक तर सुटे पार्ट विकायचे, त्यात पैसे जास्त मिळतात पण मग दिवसभर फोन, एकेक मडगार्ड गुंडाळून पाठवणं, आणि शेवटी उरतं ते कोणालाच नको असलेलं धड, ते भंगारात. म्हणजे प्रोजेक्ट बंद करायला आणखी एक प्रोजेक्ट. दुसरा, आहे तशी एकगठ्ठा द्यायची, पैसे कमी पण एका दिवसात विषय संपतो. मी दुसरा घेतला. किती घातले होते त्याचा हिशोब मांडलाच नाही, कारण घेणाऱ्याला त्याच्याशी काही देणं-घेणं नसतं. तो त्याच्यासमोर जे आहे त्याचे पैसे देतो, तुमच्या रविवारांचे नाही. जाहिरातींमध्ये "आजवर एवढे खर्च झालेत" असं लिहिणारे बघितलेत ना, त्यांच्या गाड्या पुढच्या वर्षीही तिथेच असतात.

जाहिरातीत गंजाचे फोटो आधी टाकले. दारांखालच्या पेट्या, बॅटरीची जागा, फ्लोअरमधून दिसणारी जमीन. मित्र म्हणाला वेडा आहेस का, चांगले फोटो वर टाक. पण चांगले फोटो बघून आलेला माणूस गंज बघून तासभर घासाघीस करून रिकामा जातो, गंज बघून आलेला माणूस घ्यायलाच येतो. एक दुपार घालवून सगळे डबे एकदा उघडले, नट-बोल्टच्या पिशव्यांवर नावं लिहिलेली होतीच, जिथे नव्हती तिथे लिहिली, जे ओळखू आलं नाही त्या डब्यावर "देव जाणे" असं लिहिलं. तो डबा बराच जड होता.

बघायला आले त्यात एक मुलगा होता, फार गोड, गाडीभोवती फिरून "किती क्यूट आहे ना, हिला फिकट निळा रंग द्यायचा" म्हणत होता आणि त्याने एकदाही खाली वाकून बघितलं नाही. तो घ्यायला तयार होता, पूर्ण पैसे द्यायला तयार होता. मी त्याला तासभर बसवून चॅनेल म्हणजे काय, आधार कसा द्यायचा, वेल्डिंग कोणाकडून, सगळं सांगितलं, आणि जाताना त्याचा चेहरा बघून कळलं की फोन येणार नाही. आला नाही. त्याला सांगायला नको होतं असं मित्राचं मत, मला तसं वाटत नाही.

मग एक दादा आले. बोलणं कमी. आल्या आल्या टॉर्च काढला आणि मागच्या सीटची जागा, थेट बॅटरीखालचा पत्रा. मग खिशातून चुंबक काढलं, बारीकसं, फडक्यात गुंडाळलेलं, आणि मडगार्डवरून, दारावरून, खालच्या कडेवरून फिरवत नेलं. जिथे चुंबक धरत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. दोन जागी निसटलं, त्या जागा मलाही माहीत नव्हत्या. मग स्टँडवरच्या इंजिनाकडे गेले, क्रँकची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची, मोठी पुली दोन्ही हातांनी धरली आणि मागे-पुढे ढकलून-ओढून बघितली. बीटलच्या इंजिनाची ही जुनी परीक्षा, क्रँक आत-बाहेर खेळायला लागला, हाताला टक-टक जाणवायला लागलं, तर इंजिन उघडायची वेळ आली. टक-टक नव्हतं. दादांनी पहिल्यांदाच मान हलवली.

त्यांच्याकडे आधीच एक बीटल होती, चालू, पण गिअरबॉक्स दुसऱ्या गिअरमधून बाहेर उडी मारायचा आणि एक दार अपघातात गेलेलं. त्यांनी सरळ सांगितलं, "ही मी उभी करणार नाही. गिअरबॉक्स, दारं, इंजिन घेणार, बाकी लागेल तसं काढत राहणार." थोडा वेळ मी काही बोललो नाही. म्हणजे गाडी कधीच रस्त्यावर येणार नव्हती, निदान अख्खी नाही. पण मग विचार केला की माझ्याकडे तरी ती कुठे येत होती, आणि हिचा गिअरबॉक्स उद्या परवा खरंच कुठल्यातरी चालत्या गाडीत गिअर बदलत असेल, हे त्या निळ्या रंगापेक्षा बरं. दिली. किमतीवर फार ओढाताण झाली नाही, त्यांनी पुट्टीच्या दोन जागांचे पैसे कमी केले, ते बरोबरच होतं.

न्यायला ट्रेलर आला तेव्हा मागचे ब्रेक धरून बसलेले, चाकं फिरेनात. ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषतं, गाडी उभी राहिली की आतले सिलिंडर गंजून अडकतात, हे सगळं मला पाठ होतं. दादांनी ड्रमवर हातोड्याने गोल गोल फिरत ठोकायला सुरुवात केली, घाई नाही, चिडचिड नाही, थोडं इकडे, थोडं तिकडे, आणि एकदम धप्पकन ड्रम सुटला आणि गंजाची भुकटी सांडली. दुसऱ्याला जास्त वेळ लागला. मग चौघांनी ढकलून वर घेतली. "देव जाणे" डबा बघून दादा पहिल्यांदा हसले, म्हणाले यातलं निम्मं मी बघून सांगतो, आणि खरंच नंतर फोटो पाठवत राहिले, हा सीट रेलचा, हा हँडब्रेकचा, आणि हा तुमच्या गाडीचा नाहीच.

हत्यारांपैकी इंजिन स्टँड आणि मोठा जॅक त्यांनाच देऊन टाकला. फीलर गेज, म्हणजे बारीक फट मोजायच्या पातळ पट्ट्या, मात्र ठेवला. बीटलच्या व्हॉल्व्हची फट थंड इंजिनाला ०.१५ मिमीवर लावायची असते, त्यासाठीच घेतला होता, आणि एसआरलाही तसेच स्क्रू आणि लॉकनटवाले टॅपेट आहेत, फक्त आठाच्या ऐवजी दोन. आठाच्या ऐवजी दोन म्हणजे काय सुख आहे ते ज्याने गाडीखाली आडवं पडून, कानात माती घेऊन आठ लावलेत त्यालाच कळेल.

पुढचा टायर बदलून झालाय. मागच्याची तारीख अजून चालण्यासारखी आहे, पुढच्या पावसाच्या आधी तोही करीन. सध्या टाकीच्या टोपीतून पेट्रोलचा वास येतोय, आतलं रबर कडक झालं असणार, मागवलंय. आणि हो, पार्ट यायचाय, पण दरम्यान गाडी चालू आहे.